आईला घेऊन बँकॉकला: चार दिवसांचा बेत

माहेरच्या आईला घेऊन एकदा कुठेतरी जायचं, हा विचार लग्न झालेल्या मुलीच्या मनात किती वेळा येतो आणि किती वेळा मागे पडतो! मुलांच्या परीक्षा असतात, दिराचं लग्न निघतं, घराचा हप्ता डोक्यावर असतो. ‘पुढच्या वर्षी नक्की’ असं म्हणता म्हणता आईचे गुडघे बोलायला लागतात. आपल्या नागपूरकडच्या कितीतरी आयांचा प्रवास रामटेक, आदासा, शेगाव, फार तर काशी-गया एवढाच झालेला असतो. तोसुद्धा सगळ्यांचे डबे भरत, सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत. तिला स्वतःला काय पाहायचंय, हे विचारायला कुणाला सवड झालेली नसते.

अलीकडे आपल्या ओळखीतल्या बऱ्याच मुली आईला घेऊन बँकॉकला जाऊन येतात. बेत चांगला आहे. शहर एकच, दिवस थोडे, विमानाचा प्रवास फार लांबचा नाही, आणि पाहण्यासारखं जे आहे ते आपल्या आईला परकं वाटणारं नाही. मात्र एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. ही सहल आईच्या पायांनी, आईच्या झोपेच्या आणि जेवणाच्या वेळांनी चालायची आहे. नकाशात किती ठिकाणं दिसतात, याचा तिच्याशी काही संबंध नाही. ज्या मुली हे विसरतात त्यांच्या आया परत आल्यावर ‘छान झालं गं’ म्हणतात आणि दोन दिवस पाय शेकत बसतात. (सासूबाईंना नेणार असाल तरी पुढचं सगळं तसंच लागू आहे बरं का!)

आधी घरातली बोलणी

पहिला अडथळा विमानतळावर नसतो, घरातच असतो. ‘माझ्या आईला नेतेय’ हे सांगताना उगाच अपराध्यासारखं वाटून घेऊ नका. तारखा, खर्च आणि तुमच्या मागे घरचं कसं चालेल, या तीन गोष्टी कागदावर मांडून यजमानांशी आणि सासूबाईंशी सरळ बोला. चोरून केलेला बेत पुढे वर्षभर ऐकून घ्यावा लागतो. उघडपणे सांगितलेल्या बेताला घरचेही हळूहळू सरावतात. भाऊ असेल तर त्यालाही आधी विश्वासात घ्या. वाटा उचलायचा की नाही ते तो ठरवील, पण त्याला शेजाऱ्यांकडून कळता कामा नये.

दुसरा अडथळा म्हणजे खुद्द आई. ‘कशाला गं माझ्यावर खर्च? त्यापेक्षा मुलांसाठी ठेव.’ हे वाक्य येणारच. वाद घालू नका. ‘मला एकटीला जायला नको वाटतं, तू चल’ असं म्हणून पाहा. आयुष्यभर दुसऱ्यासाठी जगलेल्या बाईला स्वतःसाठी निघणं जड जातं, तुमच्यासाठी ती लगेच पिशवी भरील. देवापुढे ठेवायचे पैसे आणि नातवंडांचा खाऊ एवढं मात्र तिच्या पैशानं होऊ द्या. तिचा मान राहतो.

कागदपत्रं: सर्वात आधी नाव तपासा

आपल्या आयांच्या कागदांवर नावांचा मोठा घोळ असतो. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, शिधापत्रिकेवर सासरचं, आधारवर एका अक्षराचा फरक, पॅनवर जन्मतारीखच निराळी. पासपोर्टचा अर्ज करण्याआधी हे सगळं एका जागी मांडून नीट जुळवून घ्या. दुरुस्तीला कधी कधी पासपोर्टपेक्षा जास्त दिवस लागतात. नव्या अर्जाच्या शुल्कात साठीच्या पुढच्यांना दहा टक्के सवलत आहे. पासपोर्ट आधीच काढलेला असेल तर त्याची मुदत बघा. प्रवासाच्या तारखेपासून निदान सहा महिने ती शिल्लक हवी.

थायलंडने भारतीयांना व्हिसाशिवाय येण्याची सवलत १० नोव्हेंबर २०२३ पासून सुरू केली. तिच्या अटी आणि राहायचे दिवस तेव्हापासून बदलत आले आहेत. म्हणून कुणाच्या सांगण्यावर न जाता तिकीट काढायच्या आदल्या दिवशी थाई दूतावासाची ताजी सूचना वाचा. १ मे २०२५ पासून तिथे उतरणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाला आगमनाचं पत्रक आधीच इंटरनेटवर भरून द्यावं लागू लागलं. ते पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं आणि सरकारी ठिकाणी त्याला पैसे पडत नाहीत. पैसे मागणारी जागा दिसली तर ती खोटी समजा.

सीताबर्डीवर रंगीत तालीम

तिकिटं काढण्याआधी घरच्या घरी एक परीक्षा घ्या. आईला घेऊन सकाळी फुटाळ्यावर जा आणि सावकाश चालून बघा. किती वेळानं ती बसायला जागा शोधते? वीस मिनिटांनी? ठीक. मग बँकॉकमध्येही दर वीस मिनिटांनी बसायची सोय हवी, हे तुम्हाला कळलं.

दुसरी परीक्षा सरकत्या जिन्याची. बँकॉकच्या उंचावरच्या रेल्वेत आणि भुयारी रेल्वेत सरकते जिने जागोजाग आहेत, आणि आपल्या कितीतरी आया त्यांना बिचकतात. आपल्याकडे सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनवर तसलाच जिना आहे, उद्वाहकही आहे. दुपारची गर्दी नसताना दोन-चार फेऱ्या मारा. साडीच्या निऱ्या जरा वर, एक हात पट्ट्यावर, नजर समोर. चौथ्या फेरीला ती तुम्हालाच सांगेल, ‘सोड हात, येतं मला.’ नाहीच जमलं, तर उद्वाहक असलेल्या स्टेशनजवळचंच हॉटेल घ्यायचं.

डॉक्टर, औषधं आणि विमा

निघण्याच्या महिनाभर आधी नेहमीच्या डॉक्टरांना भेटा. रक्तदाब, साखर, हृदयाची आणि गुडघ्यांची परिस्थिती सांगून ‘विमानात पाय सुजू नयेत म्हणून काय करायचं’ हेही विचारा. औषधांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधांच्या मूळ नावांसकट लिहून घ्या. गोळ्या मूळ पाकिटातच असू द्या आणि त्या हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नकोत. काही तीव्र वेदनाशामक आणि झोपेच्या गोळ्यांवर तिकडे निर्बंध आहेत. आई असं काही घेत असेल तर आधी चौकशी करा.

तिकडचं घड्याळ आपल्या दीड तास पुढे असतं. म्हणजे नागपुरात रात्री आठला घ्यायची गोळी तिथे साडेनऊला घ्यायची. एवढ्याशा सहलीत गोळ्यांच्या वेळा बदलायच्या की नाहीत, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

प्रवासाचा विमा काढताना आईचे जुने आजार लपवू नका. ‘सांगितलं तर हप्ता वाढेल’ म्हणून गप्प बसलात, तर नेमक्या गरजेच्या वेळी पैसे नाकारले जातात.

ऋतू आणि विमान

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे. आपण नागपूरकर उन्हाला भीत नाही हे खरं, पण आपलं ऊन कोरडं. बँकॉकचं ऊन घामट, मुंबईसारखं चिकट. त्यात वयस्क माणूस लवकर गळून जातो. एप्रिल तर नकोच. १३ एप्रिलपासून त्यांचं नववर्ष, सोंगक्रान, सुरू होतं. शब्द आपल्या संक्रांतीच्याच घराण्यातला आहे, पण त्या दिवसांत रस्त्यावर सगळे एकमेकांवर पाणी ओततात. मे ते ऑक्टोबर पावसाचे.

मुंबईहून बँकॉकला चार-साडेचार तास लागतात. कोलकात्याहून साधारण अडीच-पावणेतीन. नागपूरहून कोलकात्याला जाऊन एक रात्र तिथे विश्रांती घेतली तर आईला दोन विमानांची धावपळ एकाच दिवशी होत नाही. एक रात्रीचा खर्च वाढतो, पण पुढचे चार दिवस सुधारतात.

तिकीट काढतानाच चाकांच्या खुर्चीची मागणी नोंदवा. ‘मी काय पांगळी आहे?’ असं आई म्हणेलच. तिला सांगा, विमानतळ आता गावाएवढे झालेत, आणि ही खुर्ची रांगेत तास-तास उभं राहू नये म्हणून आहे. बँकॉकचा मोठा विमानतळ २००६ साली सुरू झाला. त्याचं नाव सुवर्णभूमी. परत निघताना आतल्या बाजूला समुद्रमंथनाचा भला मोठा देखावा आहे: वासुकी, देव, दानव, वर विष्णू. तेव्हा थोडा वेळ हाताशी ठेवा. तिथे आईच तुम्हाला गोष्ट सांगेल.

हॉटेल घेताना

चकचकीत दिवाणखाना बघू नका, न्हाणीघर बघा. टबात पाय उंच टाकून उतरावं लागत असेल तर ती खोली नको. सपाट जमिनीची, धरायला दांडी असलेली बघा. एक समाधानाची गोष्ट म्हणजे तिकडे शौचालयात बहुतेक ठिकाणी पाण्याची नळी असते, कागदावर भागवायची वेळ येत नाही. दोन वेगळे पलंग, पाणी तापवायची किटली आणि जवळ उद्वाहकाचं रेल्वे स्टेशन, एवढं पुष्कळ. सुखुमवित रस्त्यावर नाना ते असोक या स्टेशनांच्या मधल्या भागात भारतीय जेवणाची बरीच ठिकाणं आहेत. नवख्या माणसाला तो भाग सोयीचा.

चार दिवसांचा बेत

नियम एकच. सकाळी एक ठिकाण, दुपारी जेवण आणि झोप, संध्याकाळी जमलं तर काहीतरी सोपं.

पहिला दिवस. उतरलात, खोलीत गेलात, झोपलात. संध्याकाळी उत्साह असेल तर चित लोम स्टेशनजवळच्या एरावानच्या देवळाशी जा. एरावान म्हणजे आपला ऐरावत. देव मात्र चार तोंडांचा ब्रह्मा, १९५६ साली बसवलेला. आपल्याकडे ब्रह्मदेवाची देवळं किती दुर्मिळ! इथे भर चौकात त्याच्यापुढे फुलांच्या राशी आणि नवस फेडणाऱ्यांसाठी नाचणाऱ्या मुली.

दुसरा दिवस वाट फोचा. २०१९ साली भुयारी रेल्वे सनाम चाय स्टेशनपर्यंत आली, तेव्हापासून इथे पोहोचणं सोपं झालं आहे. स्टेशनापासून देऊळ चालत जाण्याइतकं जवळ आहे. आत पहुडलेली बुद्धमूर्ती ४६ मीटर लांब, म्हणजे दीडशे फूट, आणि १५ मीटर उंच आहे. तळपायांवर शिंपल्याच्या जडावकामात १०८ शुभचिन्हं. मूर्तीच्या मागच्या बाजूला १०८ भांडी मांडलेली. एकेका भांड्यात एकेक नाणं टाकत हळूहळू पुढे जायचं. या कामात आईला घाई करू नका. संध्याकाळी सफान ताकसिन स्टेशनाखालच्या धक्क्यावरून पर्यटकांची निळ्या झेंड्याची बोट घ्या. रोजच्या प्रवाशांच्या बोटी धक्क्याला क्षणभरच टेकतात, आणि त्या घाईत चढणं वयस्कांना जड जातं. वाट अरुणचे जिने फार उभे आहेत. ते देऊळ नदीतूनच पाहावं, दिवे लागल्यावर ते अधिकच सुंदर दिसतं.

तिसरा दिवस राजवाड्याचा. सकाळी साडेआठला दार उघडतं, तेव्हाच टॅक्सीनं दारापर्यंत जा. हे शहर राजधानी झालं ते १७८२ साली, पहिल्या रामाच्या काळात. तिथल्या राजांना राम पहिला, राम दुसरा असंच मोजतात. तिकीट २०२५ मध्ये ५०० बाथ होतं. ते आईला सांगू नका! खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, साडी उत्तम. आत पाचूचा म्हणून ओळखला जाणारा बुद्ध आहे, खरं तर हिरव्या जेड दगडाचा, जेमतेम दोन फुटी. वर्षातून तीन वेळा, ऋतू बदलला की, राजा त्याची वस्त्रं बदलतो. देवाला ऋतूप्रमाणे नेसवणं आईला वेगळं समजवायला नको.

याच आवारातल्या ओवरीच्या भिंतींवर रामायणाची १७८ चित्रं आहेत. सावली आहे, आणि आईला इथे तुमच्यापेक्षा जास्त कळतं. मात्र त्यांच्या रामायणात, म्हणजे रामकियेनमध्ये, सीता ही रावणाचीच मुलगी, आणि मारुतीराय ब्रह्मचारी नाहीत. रावणाच्या मत्स्यकन्येवर त्यांचं मन बसतं! हे ऐकून आई रागावेल, हसेल, दिवसभर त्यावर बोलेल.

चौथा दिवस पूर्णपणे आईचा. पाक क्लोंग तलातच्या फुलबाजारात झेंडूचे आणि मोगऱ्याचे ढीग बघत बसायचंय? फाहुरातच्या कापडबाजारात भाव करायचाय? सिलोम रस्त्यावरच्या मारिअम्मनच्या देवळात जायचंय? की नुसतं खोलीत बसून खिडकीतून रस्ता बघायचाय? तेही चालेल. पट्टाया आणि शंभर किलोमीटरवरचा तरंगता बाजार यांचा मोह या खेपेला सोडा.

देवळांत दोन गोष्टी सांभाळा. उंबरे उंच असतात आणि त्यावर पाय द्यायचा नसतो, ओलांडायचा असतो. तिथे आईचा हात धरा. खाली बसल्यावर पाय बुद्धाकडे पसरायचे नाहीत. पायातलं सहज निघेल असं हवं, वाकून बंद सोडायला लागतील असं नको. बायकांनी भिक्खूंना स्पर्श करू नये, वस्तूही थेट हातात देऊ नये.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर ज्या घरांत वंदना सुरू झाली, त्या घरच्या आईसाठी तर ही सहल निव्वळ सहल राहत नाही. तिकडच्या भिक्खूंचे उच्चार निराळे, पण पाली तीच आणि त्रिशरण-पंचशीलही तेच. दीक्षाभूमीवर वर्षानुवर्षं हात जोडणाऱ्या बाईला परमुलखात ते ओळखू आलं, की ती तिथे किती वेळ बसेल हे घड्याळ लावून ठरवू नका.

खाण्यापिण्याचं

शाकाहारी आईची खरी अडचण मासळीच्या पाण्याची. ‘नाम प्ला’ नावाचा तो रस तिकडे भाजीतसुद्धा पडतो. ‘जे’ हा शब्द पाठ करा. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरांत तो लिहिलेला असतो. त्या जेवणात मांस-मासळी नाही, अंडं-दूध नाही, आणि कांदा-लसूणही नाही. चातुर्मास पाळणारीलाही ते चालून जाईल. साधारण आपल्या नवरात्राच्या सुमारास तिकडे या जेवणाचा नऊ दिवसांचा उत्सवच असतो. दही सहजासहजी मिळत नाही, शहाळी भरपूर. घरून दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या, भाजक्या पोह्यांचा चिवडा आणि मेतकूट न्या. संत्री नेऊ नका. ताज्या फळांवर तिकडे निर्बंध आहेत.

सावधगिरी

‘आज राजवाडा बंद आहे, चला दुसरीकडे नेतो’ म्हणणारा भला माणूस भेटला तर हसून पुढे चला. ही तिथली जुनी युक्ती आहे. टॅक्सी मीटरनेच. आईच्या बटव्यात हॉटेलचं नाव थाई अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी, तुमचा फोन नंबर आणि थोडे बाथ ठेवा. चुकामूक झाली तर ‘आहेस तिथेच बसून राहा, मी येते’ हे आधी ठरवून टाका. पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५, रुग्णवाहिकेचा १६६९. तिथल्या राजघराण्याबद्दल चेष्टेनंसुद्धा काही बोलू नये. कायदा कडक आहे.

आणि तुम्ही दोघी

तिसऱ्या दिवशी तुमची तिच्यावर चिडचिड होईल. ती नारळाच्या किमतीचे रुपये करत बसेल, ‘मला काही नको’ म्हणेल आणि मग तुमच्या ताटातलं चाखून बघेल. ‘काय हवं?’ असं विचारलंत तर उत्तर मिळणार नाही. ‘हे की ते?’ असं विचारा, लगेच बोट दाखवील. प्रत्येक पावलाला ‘जपून, जपून’ म्हणू नका; तुम्हाला चालायला तिनंच शिकवलंय.

तिकडे आईच्या आईला ‘याय’ म्हणतात, आणि रस्त्यातल्या अनोळखी म्हातारीलाही त्याच नावानं मानानं हाक मारतात. आईला असं कुणी हाक मारली की तिच्याकडे बघा.

दुपारी विश्रांतीच्या वेळी फोन बाजूला ठेवून तिच्या शेजारी नुसत्या पडून राहा. घरी तुम्ही भेटता तेव्हा मधे स्वयंपाक असतो, मुलं असतात, आल्यागेल्याचा चहा असतो. लग्नानंतर तुम्ही दोघीच अशा सलग चार दिवस कधी होतात? तिच्या मनातलं, तुमच्या वडिलांबद्दलचं, तिच्या स्वतःच्या आईबद्दलचं कितीतरी अशाच वेळी बाहेर येतं. त्यासाठी बेतात जागा रिकामी ठेवावी लागते.

राजवाडा काही हलत नाही, पुढच्या वर्षीही तो तिथेच असेल. आईचे गुडघे मात्र वर्षागणिक बदलतात. म्हणून पासपोर्टचा अर्ज पुढच्या महिन्यात करा, पैसे हळूहळू साठवा, आणि सुरुवात आजच रात्रीच्या फोनवर करा. औषध घेतलंस का, जेवलीस का, हे नेहमीचं विचारून झालं की आणखी एक विचारा: ‘आई, तुला काय बघायचंय?’ ती लगेच काही सांगणार नाही. दोन दिवसांनी तिचाच फोन येईल.